पैसा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा : अहिल्यानगर जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 17,048 चौरस किलोमीटरचा पसारा, 14 तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार 45 लाख 43 हजार लोकसंख्या. उत्तरेला प्रवरेच्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि साखर कारखाने, वायव्येला अकोले तालुक्यातला सह्याद्रीचा डोंगराळ आदिवासी भाग, दक्षिणेला कर्जत, जामखेड, पाथर्डी हे कायम पावसाकडे डोळे लावून बसलेले तालुके. पैसा जिथे आहे तिथे खासगी दवाखाने दाटले आहेत : नगर शहर, संगमनेर, श्रीरामपूर आणि लोणी-शिर्डीचा पट्टा. जिथे तो नाही तिथला रुग्ण गाडी करून जिल्ह्याबाहेरची वाट धरतो. अकोल्याचा रुग्ण नाशिकला, पारनेर-श्रीगोंद्याचा पुण्याला, जामखेडचा बीडला.

या जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था दोन बाजूंनी आवळली जाते. एक बाजू पैशाची. अनुदान उशिरा येते, सरकारी आरोग्य योजनेचे दर परवडत नाहीत, मंजूर पदे रिकामी राहतात. दुसरी बाजू नियमांची. अग्निसुरक्षा, जैववैद्यकीय कचरा, सोनोग्राफी, नोंदणी, दरपत्रक अशी ही यादी वर्षागणिक वाढते. यातले बहुतेक नियम योग्य कारणासाठीच आले आहेत. अडचण वेगळीच आहे. नियम करणारा एक, त्यासाठी पैसे देणारा दुसरा आणि नियम मोडला तर धरला जाणारा तिसरा.

एक जिल्हा, अनेक मालक

सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एकच खाते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात जिल्ह्यात तिचे निदान तीन मालक आहेत. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतात आणि त्यांचा कारभार जिल्हा शल्यचिकित्सक पाहतात. लोकांच्या तोंडी ते ‘सिव्हिल सर्जन’. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे. तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. नगर शहरात 2003 पासून महापालिका आहे, तिचा आरोग्य विभाग आणखी वेगळा. एखादी गरोदर बाई उपकेंद्रातून प्राथमिक केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात आणि शेवटी ‘सिव्हिल’ला म्हणजे जिल्हा रुग्णालयात गेली, तर तिच्या दृष्टीने तो एकच प्रवास असतो. कागदावर मात्र ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली असते.

केंद्रे किती असावीत याचा निकष ठरलेला आहे. सपाट भागात 30,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5,000 ला एक उपकेंद्र. आदिवासी आणि डोंगरी भागात हेच आकडे 20,000 आणि 3,000 असे आहेत. 2011 मध्ये जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या 36 लाखांवर होती. सपाट भागाचा निकष सगळीकडे लावला तरी 120 केंद्रे हवीत. जिल्ह्यात ती शंभराच्या आसपास आहेत. त्यात 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे हिशोब अजून 2011 च्याच आकड्यांवर चालतो. वाढलेली माणसे कागदावर नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याचे केंद्रही नाही.

पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

सरकारी आरोग्यसेवेचा पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो. राज्याच्या अर्थसंकल्पातून पगार आणि औषधे. जिल्हा नियोजन समितीकडून इमारती आणि यंत्रसामग्री. 2005 साली सुरू झालेल्या आणि आता राष्ट्रीय आरोग्य अभियान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमातून कंत्राटी मनुष्यबळ, लसीकरण, माता-बाल आरोग्य. यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. चौथी वाट 15 व्या वित्त आयोगाची. या आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी सुमारे 70,000 कोटी रुपयांचे अनुदान सुचवले होते.

वाटा चार, पण प्रत्येकीचे वेळापत्रक निराळे. अभियानाचा पुढचा हप्ता मागच्या हप्त्याच्या विनियोग प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. 2021 पासून केंद्रीय योजनांचा पैसा राज्यात एकाच नोडल खात्यात ठेवण्याची पद्धत आली. पैसा नको तिथे पडून राहू नये हा तिचा हेतू. तालुक्याच्या पातळीवर मात्र हातातला पैसा गेला आणि खर्चाची मर्यादा तेवढी उरली. जिल्हा नियोजनाचा निधी बऱ्याचदा वर्षाच्या अखेरीस सुटतो आणि मग 31 मार्चच्या आत खर्च करण्याची धावपळ उडते. अशा घाईत यंत्र येते, पण ते चालवणारा तंत्रज्ञ येत नाही. तंत्रज्ञाचे पद वेगळ्या लेखाशीर्षाखाली असते.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करण्याचे उद्दिष्ट दिले. महाराष्ट्राचा खर्च 4 ते 5 टक्क्यांच्या घरातच राहिला आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व शुल्क बंद केले. गरीब रुग्णाला याचा थेट फायदा झाला. त्याच निर्णयाने रुग्णालयाच्या हातातली एक लहान, पण रोखीची मिळकत गेली. बंद पडलेला पंखा, फुटलेला नळ, संपलेली सलाईन अशा बारीक गरजांसाठी रुग्ण कल्याण समितीला हीच रक्कम उपयोगी पडत असे. आता त्यासाठीही वरच्या अनुदानाची वाट पाहावी लागते.

औषधखरेदीची कथाही अशीच. 2017 पासून राज्याची खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. निविदा लांबल्या, पुरवठा अडखळला. 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले आणि औषधे, मनुष्यबळ यांच्या टंचाईची राज्यभर चर्चा झाली. खरेदीची व्यवस्था बदलण्याच्या काळात रुग्णालयाला स्थानिक खरेदीवर भागवावे लागते. ती महाग पडते आणि पुढे लेखापरीक्षणात तीच आक्षेपाचा मुद्दा बनते.

मनुष्यबळाचा भार मोठ्या प्रमाणावर कंत्राटी कर्मचाऱ्यांवर आहे. परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समुदाय आरोग्य अधिकारी यांपैकी अनेकजण दहा-दहा वर्षे कंत्राटावर काम करतात. सेवेत सामावून घेण्याच्या मागणीसाठी ऑक्टोबर 2023 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी राज्यभर संप केला. दहा वर्षे सेवा झालेल्यांना रिक्त पदांच्या काही प्रमाणात सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला होता. त्याची अंमलबजावणी रखडली हेच दुसऱ्या संपाचे प्रमुख कारण होते.

भाऊबीजेची सकाळ

पैसा आणि नियम यांची फारकत झाली की काय घडते, हे 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात दिसले. दिवस भाऊबीजेचा. कोविड रुग्णांसाठी नव्याने उभारलेल्या अतिदक्षता विभागाला सकाळी आग लागली. तेव्हा तिथे 17 रुग्ण होते आणि त्यांतले बरेच प्राणवायूवर. किमान 11 जणांचा मृत्यू झाला.

अतिदक्षता विभागातली आग साध्या खोलीतल्या आगीसारखी नसते. हवेत प्राणवायूचे प्रमाण जास्त, खिडक्या बंद, छतापर्यंत प्लॅस्टिकचे आच्छादन, सतत चालणारी वातानुकूलन यंत्रे आणि व्हेंटिलेटर. रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. धूर दोन-तीन मिनिटांत खोली भरतो. अशा ठिकाणी वायरिंगचा भार मोजणे, धूर ओळखणारी यंत्रणा, पाण्याचे फवारे, दुसरा दरवाजा आणि कर्मचाऱ्यांचा सराव यांतली एकही गोष्ट वगळता येत नाही.

ही घटना अनपेक्षित नव्हती. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातल्या आगीत 10 बालके गेली होती आणि त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते. एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. तपासणी झाली की दोष सापडतात, दोष सापडले की अंदाजपत्रक होते. पुढे ते अंदाजपत्रक कुणाच्या टेबलावर जाते, हा खरा प्रश्न आहे.

रुग्णालय आरोग्य विभागाचे. इमारत आणि विजेची कामे सार्वजनिक बांधकाम विभागाची. अग्निशमनाचा ना-हरकत दाखला महापालिकेच्या अग्निशमन दलाचा. कामाचा निधी जिल्हा नियोजन समितीचा किंवा राज्याचा. चौघांपैकी एकाचे काम अडले की उरलेल्या तिघांचेही थांबते. आगीनंतर राज्य सरकारने नाशिकच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, गुन्हा नोंदवला गेला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांसह डॉक्टर व परिचारिकांवर कारवाई झाली. कारवाईची झळ प्रथम कक्षात हजर असलेल्यांना बसली. निधी आणि मंजुरी ज्यांच्या हाती असते, ते त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतात.

दहा खाटांचा दवाखाना

जिल्ह्यातली बरीच सेवा खासगी आहे आणि तिचा कणा मोठी रुग्णालये नसून तालुक्याच्या गावातले दहा-पंधरा खाटांचे दवाखाने आहेत. बहुधा नवरा-बायको दोघे डॉक्टर, खाली रुग्णालय आणि वर घर. असा एखादा प्रसूतिगृहाचा दवाखाना चालवायला काय काय लागते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली नोंदणी 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, म्हणून हाच जुना कायदा चालतो. 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले गेले. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे, तक्रार निवारणाची सोय करणे ही बंधने आली आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई झाली. महापालिका हद्दीत ही नोंदणी महापालिका करते, हद्दीबाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा.

दुसरा दाखला अग्निसुरक्षेचा. 2006 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घ्यायची आणि ती चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे. तीस वर्षांपूर्वीच्या दुमजली इमारतीत दुसरा जिना आणि पाण्याची मोठी टाकी बसवणे म्हणजे अर्धी इमारत पाडणे. हाच नियम शंभर खाटांच्या रुग्णालयाला सहज पेलतो, दहा खाटांच्या दवाखान्याचे कंबरडे मोडतो.

तिसरे बंधन कचऱ्याचे. 2016 च्या नियमांनुसार रक्ताने माखलेली पट्टी पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात. प्रत्येक पिशवीला बारकोड. हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. तो न्यायला सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी येते आणि तिचे पैसे साधारणपणे खाटांच्या हिशोबाने द्यावे लागतात. गाडीचा फेरा चुकला तरी 48 तासांची मर्यादा दवाखान्यालाच लागू राहते.

चौथे बंधन सोनोग्राफीचे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याने गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीसाठी ‘एफ’ नमुना भरावा लागतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यावा लागतो. डॉक्टरांच्या संघटनांची तक्रार आहे की लिखापढीतल्या चुकीलाही गुन्ह्याइतकीच शिक्षा होते. पण या जिल्ह्यात कायद्याची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 2011 मध्ये इथे 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त 852 मुली होत्या.

शिवाय एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, औषध दुकानासाठी अन्न व औषध प्रशासनाचा, सांडपाणी-कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. कराचा भार वेगळाच. रुग्णसेवेवर वस्तू व सेवा कर नाही, त्यामुळे यंत्रे आणि साहित्यावर भरलेला कर रुग्णालयाला परत मिळत नाही, तो खर्चातच मिसळतो. सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक औषधांवरचा दर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, एवढा दिलासा मिळाला. या सगळ्याची कागदपत्रे सांभाळायला मोठे रुग्णालय स्वतंत्र माणूस ठेवते. लहान दवाखान्यात ते काम डॉक्टर बाई रात्री ओपीडी संपल्यावर करतात. पुढच्या पिढीला असा दवाखाना नको असतो आणि तो बंद पडला की तालुक्यातली प्रसूती थेट शहरात जाते.

योजनेतला रुग्ण

रुग्णाच्या खिशावरचा भार हलका करण्याचा राज्याचा मुख्य उपाय म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती जुलै 2012 मध्ये 8 जिल्ह्यांत सुरू झाली. अहिल्यानगरचा समावेश नोव्हेंबर 2013 मध्ये, ती राज्यभर लागू झाली तेव्हा झाला. 2017 मध्ये नाव बदलले, पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. 1 जुलै 2024 पासून वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांचे संरक्षण आणि कोणत्याही रंगाचे रेशनकार्ड असलेले कुटुंब पात्र, असे तिचे रूप झाले.

त्याआधी पात्रता रेशनकार्डाच्या रंगावर ठरत असे. पिवळे आणि केशरी कार्ड चाले, पांढरे नाही. अपवाद 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा. त्या यादीत बीड होते, अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) नव्हते. त्यामुळे आष्टी तालुक्यातला पांढऱ्या कार्डाचा शेतकरी योजनेत बसायचा आणि शिवेपलीकडचा, तितक्याच कोरड्या जामखेडचा शेतकरी बाहेर राहायचा. ही विसंगती आता संपली आहे.

योजनेचा प्रवास असा : रुग्ण अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात जातो, तिथल्या काउंटरवर योजनेचा प्रतिनिधी असलेला आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि आधार तपासतो. डॉक्टर तपासण्यांचे अहवाल संगणकावर चढवून पूर्वमंजुरी मागतात. मंजुरी आली की उपचार. रुग्णाला जेवण आणि परतीचे भाडेही रुग्णालयाने द्यायचे. घरी सोडल्यावर दाव्याची कागदपत्रे जातात, त्यावर ‘क्वेरी’ येतात, उत्तरे दिली जातात, काही रक्कम कापली जाते आणि उरलेली खात्यात जमा होते.

रुग्णासाठी उपचार फुकट असला तरी रुग्णालयासाठी ती उधारी असते. औषधविक्रेता, भूलतज्ज्ञ, वीज मंडळ यांचे पैसे महिन्याला द्यावे लागतात, दाव्याचे पैसे कधी येतील ते नक्की नसते. दर कमी आणि रक्कम उशिरा, ही खासगी रुग्णालयांची राज्यभरची तक्रार आहे. पाच कोटींची उलाढाल असलेले रुग्णालय चार महिने थांबू शकते, पंधरा खाटांचे थांबू शकत नाही. मग काहीजण योजनेतून बाहेर पडतात, तर काहीजण रुग्णाकडून वरचे पैसे मागतात. असे पैसे घेणे बेकायदा आहे.

दर ठरवण्याचा दुसरा प्रयोग कोविडकाळात झाला. मे 2020 मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले : साध्या कक्षात दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागात 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. मुंबई-पुण्याचा आणि तालुक्याच्या गावाचा दर एकच. जून 2021 मध्ये शहरांचे तीन वर्ग केले गेले आणि सर्वांत खालच्या वर्गासाठी हे दर 2,400, 4,500 आणि 5,400 झाले. बिलांच्या तपासणीसाठी सरकारी लेखापरीक्षक बसवले गेले. खर्चाचा अभ्यास आधी करून दर नंतर ठरवण्याची पद्धत मात्र त्यातून रुजली नाही.

सहकार, देवस्थान आणि सेवाभावी संस्था

या जिल्ह्याचे वेगळेपण असे की सरकार आणि खासगी यांच्यामधली एक भक्कम तिसरी फळी इथे आहे. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ जिथे रोवली गेली त्या लोणी परिसरात प्रवरा मेडिकल ट्रस्टचे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आणि 1984 मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. शिर्डीत साईबाबा संस्थान रुग्णालये चालवते. भाविकांच्या दानातून तिथे सवलतीत उपचार होतात. संस्थानचा कारभार 2004 च्या स्वतंत्र कायद्याने चालतो आणि मोठ्या खर्चावर उच्च न्यायालयाचे लक्ष असते. नगर शहरात साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल कित्येक दशके काम करते आहे.

विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम 41 कक लागू आहे. त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. प्रत्येक रुग्णाच्या बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. विदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांसाठी 2020 मध्ये नियम कडक झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. आरोग्यसेवेत खर्चाचा मोठा भाग पगारावर जातो. त्यातला प्रशासकीय किती आणि सेवेचा किती, हे ठरवताना संस्थांची दमछाक होते.

या फळीतले सर्वांत शिकवून जाणारे काम जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतांशी निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. सुरक्षित बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखर-पाणी, कुष्ठरोग आणि क्षयाचे रुग्ण शोधणे ही कामे त्या करू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये काढलेल्या पुस्तकात जगातल्या निवडक प्रयोगांत जामखेड होते आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजची गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती ‘आशा’ ही त्याच कल्पनेची सरकारी वारसदार. फरक इतकाच की जामखेडची कार्यकर्ती गावाला बांधील होती, ‘आशा’ला मात्र कामागणिक मोबदला आणि ढीगभर नोंदवह्या आहेत. मोठ्या रुग्णालयात जाणारा रुग्ण गावातच कमी केला तर खर्च कमी होतो, हे या जिल्ह्याने अर्ध्या शतकापूर्वी दाखवून दिले.

पुढचे पाऊल

6 मे 2025 रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत अहिल्यानगरसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले. 100 विद्यार्थी, 430 खाटांचे संलग्न रुग्णालय आणि सुमारे 485 कोटींचा खर्च. तोवर इतक्या मोठ्या जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण खासगी संस्थांच्याच हाती होते. महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे असेल, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत आणखी एक मालक येईल. अध्यापकांची हजेरी आणि खाटांवरचे रुग्ण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग मोजेल. अध्यापकांची पदे नियमित भरली गेली नाहीत, तर नवी इमारतही जुन्याच पद्धतीने चालेल.

जिल्ह्याच्या गरजा अवघड नाहीत. सुरक्षेचा प्रत्येक नवा नियम त्यासाठीच्या निधीसह यावा. सरकारी रुग्णालयाच्या इमारतीची, विजेची आणि आगीची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर असावी आणि तिच्याबरोबर खर्चाचा अधिकारही. योजनेचे दावे ठरलेल्या मुदतीत निघावेत, उशीर झाल्यास व्याज द्यावे. लहान दवाखान्यांसाठी सर्व परवाने एकाच खिडकीत मिळावेत. आणि उपकेंद्राच्या पातळीवरच्या कामाला इमारतींइतकाच पैसा मिळावा.

वाचकाच्या हातातही थोडे आहे. रुग्णालयात पाऊल टाकल्यावर दरपत्रक कुठे लावले आहे ते विचारावे. आरोग्यमित्राचे काउंटर शोधावे. विश्वस्त संस्थेचे रुग्णालय असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांच्या खाटांपैकी किती रिकाम्या आहेत ते विचारावे. जन आरोग्य योजनेची तक्रार 155388 या क्रमांकावर करता येते. हे हक्क कायद्याने दिलेले आहेत आणि मागितल्याशिवाय ते सहसा मिळत नाहीत.